तांदळाच्या खिरीत गूळ घालताना दूध फाटू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (शेळगी, सोलापूर)

पितृपक्षात आमच्याकडे नैवेद्याला तांदळाची खीर असते. आजवर ती साखरेची होत आली. यंदा सासूबाईंच्या इच्छेखातर गुळाची करावयाची आहे. खपली गव्हाच्या हुग्गीत (गव्हाच्या गुळाच्या खिरीत) गूळ चांगला रटरटत शिजतो आणि काहीही बिघडत नाही, पण तोच गूळ दुधातल्या खिरीत घातला की दूध फाटते, असे सगळे सांगतात. असे का होते, आणि दहा-बारा माणसांसाठी तांदूळ कोणता व किती घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जुळे सोलापूर)

हुग्गीतला गहू पाण्यात शिजतो, गूळही त्यातच विरघळतो आणि दूध बहुधा वाढल्यावर वरून घेतले जाते. तांदळाची खीर मात्र पहिल्यापासून दुधातच शिजते. गुळात थोडी आम्लता असते आणि उकळत्या दुधातील प्रथिने तेवढ्यानेही साकळतात. म्हणून खीर पूर्ण शिजली की गॅस बंद करावा, पातेल्याला हात लावून धरता येईल इतकी ती निवू द्यावी आणि मगच, थोड्या पाण्यात विरघळवून गाळून गार केलेला गूळ हळूहळू ढवळत मिसळावा. आधी वाटीत दोन चमचे खीर घेऊन त्यात थोडे गुळाचे पाणी घालून पाहावे; कडेला पाणी सुटून दाणे दिसू लागले, तर तो गूळ खिरीला वापरू नये. ओलसर, आंबूस वासाचा गूळ तर मुळीच घेऊ नये.

उत्तर (होटगी रोड)

तांदूळ आंबेमोहरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बासमतीचा दाणा मोकळा राहतो, आंबेमोहर मऊ होऊन दुधाशी एकजीव होतो आणि त्याचा स्वतःचा सुवासही सुरेख असतो. २ लिटर म्हशीच्या दुधाला १०० ग्रॅम तांदूळ पुरतो. कमी वाटला तरी वाढवू नये, कारण खीर निवताना बरीच घट्ट होते. तांदूळ धुऊन, निथळून, चमचाभर तुपावर दाणा कोरडा व हलका होईपर्यंत परतावा आणि जाडसर भरडून उकळत्या दुधात घालावा. त्यानंतर आच मंद ठेवून, उलथन्याने तळ खरवडत राहावे, कारण भरड खाली बसली की करपते आणि तो वास वेलदोड्याने झाकला जात नाही. दाणा बोटांत सहज चिरडला, की खीर झाली.

प्रश्न (शेळगी, सोलापूर)

काही मंडळी उशिरा जेवायला येतात. त्यांच्यासाठी ही खीर पुन्हा गरम केली तर चालेल का?

उत्तर (जुळे सोलापूर)

गूळ घातल्यावर ती पुन्हा आचेवर ठेवू नये. उशिरा येणाऱ्यांची खीर बिनगुळाची वेगळी काढावी, ती घट्ट झाल्यास थोडे दूध घालून गरम करावी आणि कोमट झाल्यावर गूळ मिसळून वाढावी.