स्वस्त गोडे पाणी आणि घाटाची चढण

समुद्राचे पाणी गोडे करणे आता स्वस्त झाले आहे, तेव्हा ते कारवारहून बेळगावला आणले की म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात चाललेला वाद मिटेल, अशी सूचना केली जाते. तिच्यामागची तळमळ मला मान्य आहे. परंतु तिच्यात घाटाची चढण धरलेली नाही. १९७० च्या दशकात आरओ पद्धतीने, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवण्याच्या पद्धतीने, समुद्रजलापासून एक हजार लिटर गोडे पाणी मिळवण्यास सुमारे १५ युनिट वीज लागत असे. सुधारित पडदे आणि उच्च दाबाची ऊर्जा परत मिळवणारी यंत्रे यांमुळे आता ती ३ युनिटांच्या आसपास आली आहे, आणि निसर्गनियमांची किमान मर्यादा सुमारे १ युनिट असल्याने यापुढची घट थोडीच राहील. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेवढेच पाणी इतके वर चढवण्यास, पंपांची तूट धरता, अडीच ते पावणेतीन युनिट लागतात, म्हणजे गोडे करण्यास लागते जवळजवळ तेवढीच वीज पुन्हा चढणीवर खर्च होते, आणि जलवाहिनीतील घर्षण त्याहून वेगळे. समुद्रजल गोडे करण्याच्या चेन्नईजवळच्या मिंजूर प्रकल्पाला ही अडचण नाही, कारण शहर किनाऱ्यावरच आहे. आपल्याकडे या तंत्राचा खरा उपयोग मचूळ विहिरी आणि कूपनलिकांसाठी आहे, कारण क्षार कमी असल्याने तेथे दाब आणि वीज दोन्ही कितीतरी कमी लागतात. मात्र उरलेले खारट पाणी शेतात सोडता कामा नये.