म्हाताऱ्यांनी हार्प खाली ठेवायची म्हणे!

हार्पवेडा:
काल इथे कुणीतरी लिहिलं की शिकागोच्या क्लबांत सत्तरीपुढचे हार्मोनिकावाले (ब्लूजमध्ये तिलाच हार्प म्हणतात) रोज तेच ‘जूक’ वाजवतात, ओव्हरब्लो (हार्पमध्ये नसलेले सूर काढायची फुंकेची युक्ती) येत नाही, दम संपलाय, तरी पोरांना जागा देत नाहीत. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

लिटल वॉल्टरचं ‘जूक’ १९५२चं, आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियता-यादीत आठ आठवडे पहिलं. नुसत्या हार्मोनिकाची दुसरी रचना तिथवर पोचलेली नाही. वाजवणारच ना लोक! दमाचं म्हणाल तर हार्मोनिकावाला जेम्स कॉटन. घशाच्या कॅन्सरनंतर त्याचा आवाज गेला, तर गायला दुसरे घेतले आणि हा वाजवत राहिला. २०१७मध्ये गेला, ८१व्या वर्षी. आणि पोरांना जागा? तोही हार्पवालाच, बिली ब्रँच, १९७८पासून शाळाशाळांत जाऊन ब्लूज शिकवतोय.

शिकागोत नोकरीला असताना एका आजोबांना ऐकलं. बुलेट माइक (मुठीत मावणारा) आणि हार्प दोन्ही तळव्यांत घट्ट बंद करून त्यांनी अख्खे बारा बार, म्हणजे ब्लूजचं एक आवर्तन, दुसऱ्या भोकावर काढले. मधेच तळवा किंचित उघडायचा, की आवाज एकदम समोर यायचा. बारवाल्याने बर्फ फोडायचं थांबवलं. ओव्हरब्लो एकही नव्हता, कुणाला आठवलाही नाही.

नवा_सूर:
तो ‘कुणीतरी’ मीच. आठवणींवर किती दिवस काढणार? हॉवर्ड लेव्हीने त्याच दहा भोकांतून ओव्हरब्लोने बाराही सूर काढून दाखवले. तुमचे आजोबा अजून दुसऱ्या भोकावरच.

हार्पवेडा:
लेव्ही १९५१चा. ब्रँचही १९५१चाच. तुमचा तरुण पुरावासुद्धा सत्तरी ओलांडून बसलाय, त्यालाही घरी पाठवायचं का?

पेटीवाले काका:
मध्येच बोलतो. या बाजात मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघते का? पत्तीचं वाद्य आहे म्हणून विचारतो. मींड नाही, अशा कारणांवरून रेडिओवाल्यांनी १९४०मध्ये पेटी हद्दपार केली, ती १९७१पर्यंत.

हार्पवेडा:
निघते, काका. सी पट्टीची हार्प घ्या, जी हा सा धरा. तिसऱ्या भोकातून श्वास ओढला की शुद्ध गंधार. जीभ मागे घेत तोंडातली पोकळी बदलली की सूर खाली घसरतो. कोमल गंधाराच्या जरा अलीकडे धरून ठेवायचा, सगळा ब्लूज तिथेच आहे. एका कप्प्यात फुंकेची आणि ओढीची अशा दोन पत्त्या असतात, सूर खाली नेताना दुसरीही बोलायला लागते. पेटीत ही सोय नाही.

पेटीवाले काका:
सोय नाही काय! गोविंदराव टेंब्यांच्या काळापासून लोक पेटीवर मींडेचा भास करत आलेत. ऐकणाऱ्याला कान हवेत.

हार्पवेडा:
भास म्हणालात, मी नाही.

पेटीवाले काका:
शब्दांत पकडू नका. दहा भोकांचं खेळणं खिशात घालून फिरणाऱ्यांनी पेटीला शिकवू नये. आमच्या मास्तरांनी आयुष्यभर साथ केली, कलाकाराने स्टेजवर नाव घ्यायचं टाळलं, बिदागी घ्यायलाही मागच्या दाराने बोलावलं. तुमच्या शिकागोत साथीदाराला निदान टाळ्या तरी पडतात.

तळमजला:
धागा हार्मोनिकाचा, प्रयोग ‘मानापमान’चा. चालू द्या. माझ्यापुरतं सांगतो: हार्मोनिकावाला ज्युनियर वेल्स शिकागोच्या ज्या थेरेसाज लाउंजमध्ये वाजवायचा ते तळघर होतं, १९८३मध्ये बंद पडलं. नवा_सूर, म्हाताऱ्यांनी जागा अडवली म्हणताय, पण जागाच किती उरल्यात? कव्हर, म्हणजे दारातली फी, वीस डॉलर म्हटलं की तुमच्याच वयाची पोरं दारातून परत फिरतात.

नवा_सूर:
कॉटनचं मान्य. लेव्हीचंही मान्य, यापुढे उदाहरण देण्याआधी जन्मदाखला मागवेन. पण जॅमला (कुणीही येऊन वाजवायची मैफल) नाव लिहून मला मध्यरात्रीपर्यंत बसवलं. शेवटी एक गाणं मिळालं, आणि दुसऱ्याच बारला तिथल्या एका आजोबांनी हातानेच ‘थांब’ म्हटलं. सगळ्यांसमोर! हा माज नाही तर काय?

हार्पवेडा:
बँड कुठल्या कीमध्ये, म्हणजे पट्टीत, होता?

नवा_सूर:
ई. गिटारवाल्यांना दुसरं काय सुचतंय.

हार्पवेडा:
हार्प एकाच पट्टीची असते. सीच्या हार्पवर जी सा धरला, तसं ई सा धरायला एची हार्प लागते. तुमच्याकडे कुठली होती?

नवा_सूर:
सीची. एकच आहे माझ्याकडे. भाव बघितलेत का हल्ली?

पेटीवाले काका:
काळी एकमध्ये गा नाहीतर पांढरी पाचमध्ये, पेटी तीच. सांगून ठेवतो.