मदत हवी आहे: मशीन शॉपला सर्व्हर बसवायचाय, ओएस कुठली घालू?

उद्यमबाग_भाचा:

नमस्कार मंडळी. मामांचं बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, दोन व्हीएमसी (मिलिंगची कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक जुना सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणारा लेथ, ऑफिसात तीन पीसी. आत्ता सगळी ड्रॉइंगं, प्रोग्राम आणि टॅलीचा डेटा अकाउंटवाल्या ताईंच्या पीसीवर शेअर करून ठेवलाय. ताई सहाला पीसी बंद करून घरी गेल्या की सेकंड शिफ्टला ड्रॉइंग उघडत नाही, मग ऑपरेटर मामांना फोन करायलाय आणि मामा मला फोन करायलेत, मी हुबळीत नोकरीला, इथे बसून काय करू सांगा. त्यात तो पीसी विंडोज १० वर आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ओळखीतून एक सेकंडहँड टॉवर सर्व्हर मिळालाय, झिऑन प्रोसेसर, १६ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम. त्याच्यावर काय घालायचं ते ठरत नाहीये. विंडोज सर्व्हर, उबुंटू, डेबियन, फ्रीबीएसडी, जो भेटतो तो वेगळंच सांगतोय. मामांचं म्हणणं "आपल्याला त्यातलं काय कळतंय, विंडोजच घाल की". मला लिनक्स बऱ्यापैकी येतं पण मी फक्त शनिवारी संध्याकाळी बेळगावात असतो, म्हणजे एकदा बसवलं की आठवडाभर कुणी हात न लावता चाललं पाहिजे. २४ तास चालू, सेकंड शिफ्टला फाईल मिळाली पाहिजे, बस्स एवढंच.

अजून दोन भानगडी. जुन्या लेथला प्रोग्राम पाठवणारा पीसी विंडोज एक्सपीवर आहे. आणि एक ऑपरेटर हुक्केरीकडचा, तो फाईलींची नावं कन्नडमध्ये देतो, मामा मराठीत देतात, ग्राहकांची इंग्लिशमध्ये येतात. हे लिनक्सला पचतं का?

खानापूरकर:

ओएसचं नंतर बघू भावा, आधी सांग लाईटचं काय केलंयस? शॉपमध्ये मोठ्या मोटारी चालू-बंद होणार, शेजारी कुणाची फर्नेस असेल तर बघायलाच नको, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा डोळा मारते ते तुला माहीत आहेच. सर्व्हर बंद पडायचं पहिलं कारण तेच असतं, ओएस नव्हे. घरचा इन्व्हर्टर लावू नकोस, तो बदली होईपर्यंतच्या त्या क्षणात मशीन रीस्टार्ट मारू शकतं. ऑनलाईन यूपीएस घे, निदान लाईन इंटरॅक्टिव्ह तरी, आणि यूएसबी पोर्ट असलेलाच घे. ती केबल सर्व्हरला लावायची आणि लिनक्सवर नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स टाकायचं, बॅटरी संपत आली की ते मशीन नीट शटडाऊन करतं. नाहीतर यूपीएस असूनसुद्धा शेवटी धाडकनच बंद पडणार, फक्त वीस मिनिटं उशिरा.

बायॉसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते ऑन कर. हे लोक विसरतात आणि मग सकाळी बटण दाबायला कोणीतरी लागतं.

अर्थिंग चेक करून घे. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मल्टीमीटर लाव, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलव. आणि ऑफिसातून शॉपफ्लोअरला जाणारी लॅन केबल तांब्याची असेल तर तेवढा तुकडा फायबरचा कर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावून. मे महिन्यात वळीव आला की वीज त्या तांब्यातूनच आत येते आणि स्विचसकट सगळं घेऊन जाते.

स्टेबल_माणूस:

वरच्याशी सहमत. आता ओएस. तुझ्या गरजेत नवीन असं काहीच नाहीये, फाईल शेअरिंग तर आहे, मग जी ओएस सगळ्यात कंटाळवाणी तीच घाल. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आलीय, तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), म्हणजे २०३० पर्यंत निवांत. उबुंटू घालणार असशील तर २४.०४ एलटीएसच घाल, त्याला २०२९ पर्यंत आहे. मधली मधली उबुंटू येतात त्यांना सपोर्ट फक्त नऊ महिने, ती सर्व्हरवर घालायची नाहीत म्हणजे नाहीत.

ओएस निवडताना मी आधी सपोर्टची तारीख बघतो, आणि ती तारीख देणारा कोण तेही बघतो. सेंटओएस ८ नावाच्या लिनक्सला २०२९ पर्यंत सपोर्ट म्हणून लोकांनी बिनधास्त घातलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर बंद. वर्षभरात सगळ्यांची पळापळ. आता त्या जागी अल्मा आणि रॉकी आहेत, चांगलेच आहेत, पण तू घरचा एकटा सांभाळणार, तुला डेबियन सोपं पडेल.

अनअटेंडेड अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू ठेव, पण फक्त सिक्युरिटीचे. आणि रीबूट स्वतःहून होऊ देऊ नकोस, ते शनिवारी तू समोर असताना. कर्नलचा अपडेट आला आणि मशीन वर आलंच नाही तर हुबळीहून काय करणार?

टिळकवाडी:

सगळे लिनक्सच सांगायलेत म्हणून जरा उलट बाजू. मामा अगदीच चुकीचं म्हणत नाहीयेत. तू दोन वर्षांनी बंगळूरला गेलास तर हे मशीन कोण बघणार? विंडोजवाला माणूस बेळगावात कुठेही मिळेल, सांबाची (लिनक्सवरून विंडोज पीसींना फाईली शेअर करणारा प्रोग्राम) कॉन्फिग फाईल वाचणारा शोधावा लागतो. टॅली पण विंडोजवरच चालतं, वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे घालून हिशेबाशी खेळ नको.

पण खर्च बघ. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन कोरवर असतं, कमीत कमी १६ कोरचं घ्यावंच लागतं, वर प्रत्येक माणसाला किंवा मशीनला कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचं लायसन, वेगळा. छोट्या ऑफिसाला इसेन्शियल्स म्हणून आवृत्ती असते, २५ यूजर आणि ५० डिव्हाइसपर्यंत कॅल लागत नाही, पण ती नव्या सर्व्हरसोबत कंपनीकडून येते, तुझ्या सेकंडहँडला कशी मिळणार. आणि "क्रॅक टाकून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठव.

उद्यमबाग_भाचा:

@टिळकवाडी, बरोबर आहे, तो प्रश्न मलाही छळतोय. शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं लिनक्स शिकलेली असतात, त्यातला एखादा पार्टटाईम धरता येईल असं वाटतंय, आणि सगळं एका वहीत मराठीत लिहून सर्व्हरच्या बाजूला टांगून ठेवणार. टॅली कुठेच हलवत नाही, प्रोग्राम ताईंच्या पीसीवरच राहणार, त्या पीसीला विंडोज ११ चालत असेल तर तो अपग्रेड. फक्त डेटा फोल्डर सर्व्हरवर न्यायचा विचार आहे. आणि ते एक्सपीचं काय करू? सांबाला तो जोडतच नाही असं वाचलं.

निपाणी_एक्सप्रेस:

एक्सपीला फक्त एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) कळतं, आणि सांबाने ते ४.११ पासून मुळातच बंद ठेवलंय. चालू करता येतं, एका ओळीचं काम आहे, पण करू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारं) पसरलं ते याच एसएमबी १ मधल्या भोकातून. एक जुना लेथ चालावा म्हणून सगळ्या ड्रॉइंगांचं दार उघडं ठेवायचं का?

मी विचारतो, त्या एक्सपीची गरजच काय? जुना कंट्रोल असेल तर प्रोग्राम आरएस २३२ ने, म्हणजे जुन्या सिरियल केबलने, जात असणार. यूएसबी टू सिरियल केबल घे, साध्या नव्या पीसीवरून किंवा रास्पबेरी पायवरून पाठव. बॉड रेट (पाठवायचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायचा बिट) कंट्रोलच्या पॅरामीटरमध्ये बघून तशीच टाकायची, जुन्या कंट्रोलला बहुतेक ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी असते. तिथे चुकलं की प्रोग्राम कचरा होऊन जातो, म्हणून पहिल्यांदा हवेत चालवून बघ, जॉब लावून नको. एक्सपी सोडवतच नसेल तर त्याची लॅन केबल काढ आणि पेनड्राईव्हने ने.

नावांचं ऐक, हे कोणी सांगत नाही. मराठी, कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये असेल तर लिनक्सला काही त्रास नाही. पण लिनक्सच्या फाईल सिस्टिमला नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरी किंवा कन्नडचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हंच, काना-मात्रा-अनुस्वार सगळे धरून. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात म्हणून लोक "कोल्हापूरची पार्टी मोठं फ्लँज दुसऱ्यांदा बदललेलं फायनल नवीन" असलं, वर आणखी तेवढंच लांब नाव देतात आणि कॉपी करताना नेमकी तीच फाईल मागे राहते. हलवायच्या आधी लांब नावं शोधून छोटी कर.

उद्यमबाग_भाचा:

अरे देवा, मामांच्या सगळ्या फाईली अशाच आहेत 😄 ते बाइटचं माहीतच नव्हतं, थँक्यू. डिस्कचं काय करू? ४ टीबीच्या दोन घेतोय, रेड १ (दोन्हीवर तोच डेटा) करतो, बॅकअपचं काम पण झालं ना त्यात?

स्टेबल_माणूस:

नाही झालं. मिरर म्हणजे एक डिस्क मेली तर काम थांबत नाही एवढंच. ताईंच्या पीसीत रॅन्समवेअर घुसलं आणि शेअरवरच्या फाईली लॉक केल्या तर दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी लॉक होणार.

झेडएफएस या फाईल सिस्टिमचा मिरर कर. ईसीसी रॅम आहेच तुझ्याकडे. दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा, जागा फक्त बदललेल्या भागाची जाते, आणि क्लायंट पीसीवरून ते पुसता येत नाहीत. सांबात शॅडो कॉपीचं मॉड्यूल लावलंस तर विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये जुनी फाईल ताई स्वतःच काढतील, तुला फोन नाही. एकच सांगतो, डेबियनवर झेडएफएस काँट्रिब या वेगळ्या विभागातून येतं आणि कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बिल्ड होतं, उबुंटूत ते कर्नलसोबत तयार येतं. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्या माणसाला मी म्हणून उबुंटू २४.०४ सांगेन. हो, मघाशी डेबियन म्हणालो होतो, झेडएफएस वापरणार असशील तर बदलतो. फ्रीबीएसडीत तर झेडएफएस घरचंच आहे, पण मग टिळकवाडींचा "नंतर कोण बघणार" हा प्रश्न दुप्पट होतो.

याशिवाय दोन यूएसबी डिस्क, एक शॉपमध्ये, एक मामांच्या घरी, शनिवारी अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल खरंच उघडून बघ.

खानापूरकर:

घरी बसून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडू नकोस हं, वायरगार्ड हे व्हीपीएन लाव. बऱ्याच ब्रॉडबँडवर आता सीजीनॅट (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) असतं, बाहेरून थेट येताच येत नाही, तेव्हा स्टॅटिक आयपी माग किंवा स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाईन सर्व्हर) मध्ये ठेव. सर्व्हर ऑफिसातच ठेव, ग्राइंडरजवळ नको, लोखंडाची धूळ पंख्यातून मदरबोर्डवर बसली की शॉर्ट होते.

उद्यमबाग_भाचा:

ठरलं मग, उबुंटू २४.०४, झेडएफएस मिरर, यूपीएस नटसकट. या शनिवारी अर्थिंग आणि केबल, पुढच्या वेळी ओएस. टॅलीचा डेटा लगेच हलवू का? ताई म्हणतात आत्ता हात लावू नका, जीएसटी आणि मार्च दोन्ही तोंडावर आहे.

टिळकवाडी:

ताईंचं ऐक. आधी फक्त ड्रॉइंग आणि प्रोग्राम हलव, महिनाभर चालू दे, सेकंड शिफ्टची तक्रार तेवढ्यानेच मिटेल. टॅली एप्रिलमध्ये, क्लोजिंग झाल्यावर, आणि त्या फोल्डरपुरते सांबात ऑपलॉक (पीसीने फाईल स्वतःकडे तात्पुरती धरून ठेवायची सोय) बंद करून, कारण दोन पीसीवरून एकदम लिहिलं जातं. तोवर ताईंच्या पीसीवरून रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप सर्व्हरवर जाऊ दे, एक स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरला लाव, साडेपाचची. सहाला त्या पीसी बंद करतात ना.