शब्दचर्चा: रोजच्या व्यवहारात ‘निष्ठा’ की ‘विश्वासूपणा’?

प्रश्न (पाठाचा अनुवादक)
मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी ‘फेथफुलनेस’वरचा एक पाठ मराठीत करतो आहे. त्यात मोठे प्रसंग नाहीत. मजुरी वेळेवर देणे, माप पुरे भरणे, दिलेला शब्द पाळणे आणि अर्पणाचे पैसे हाताळणे, एवढाच विषय आहे. मसुद्यात सगळीकडे ‘निष्ठा’ घातले आहे. ‘देवाशी निष्ठा’ ठीक वाटते, पण ‘पैशांत निष्ठा’ कानाला खटकते. त्याऐवजी ‘श्रद्धा’ चालेल का?

ग्रीकचा वाचक
‘श्रद्धा’ नको. ती मनात असते, आणि या पाठात तर वागण्याबद्दल बोलायचे आहे. ‘निष्ठा’ खटकते याचे कारण मराठीत ती कोणाशी तरी किंवा कोणावर तरी असते: व्यक्ती, पक्ष, तत्त्व. ‘विश्वासू’ मात्र एखाद्या गोष्टीविषयीही असता येते. बायबलमधल्या लूक १६:१० मध्ये नेमके हेच हवे होते: थोडक्याविषयी विश्वासू असणारा पुष्कळाविषयीही विश्वासू. तिथे ‘निष्ठावान’ घालून पाहा, वाक्य उभेच राहत नाही.

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘पिस्टोस’ दोन्ही अंगांनी चालतो: विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा. प्रेषितांची कृत्ये १६:१ मध्ये तीमथ्याची आई ‘पिस्टे’ आहे, म्हणजे विश्वास ठेवणारी. त्याच अध्यायात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया पौलाला म्हणते, मला प्रभूची ‘पिस्टे’ मानत असाल तर माझ्या घरी येऊन राहा. तिथे दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात. मराठीत ‘विश्वासू’ म्हटले की दुसरेच अंग उरते, पहिल्यासाठी ‘विश्वास ठेवणारा’ असे वेगळे म्हणावे लागते. तुमच्या पाठाला दुसरेच अंग हवे आहे. गलतीकरांस ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळांतही मराठी बायबलमध्ये ‘विश्वासूपणा’ हाच शब्द आहे, त्यामुळे वाचकाला तो ओळखीचा आहे.

हिब्रूची अभ्यासक
जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘एमुना’. निर्गम १७:१२ मध्ये अहरोन आणि हूर मोशेचे हात धरून ठेवतात आणि ते हात सूर्यास्तापर्यंत ‘एमुना’ राहतात, म्हणजे स्थिर, न ढळता. हा अर्थ अनुवादात उतरायला हवा, कारण रोजच्या निवडींचा कस त्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात यातच आहे. ‘आमेन’ याच धातूचा.

आणि आपले ‘इमान’सुद्धा! ते अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले, पण अरबी आणि हिब्रूतला धातू एकच आहे. ‘अमानत’ही त्याच घरातली. म्हणून ‘इमानेइतबारे काम करणे’ हा प्रयोग पाठात बेधडक वापरा. खेड्यातल्या वाचकाला तो ‘विश्वासूपणा’हून लवकर कळेल. शीर्षकात मात्र नुसते ‘इमान’ नको. ‘इमानी कुत्रा’, ‘इमानी नोकर’ यांमुळे त्याला धन्या-चाकराचा रंग चढला आहे.

मंडळीचा खजिनदार
अर्पणाचे उदाहरण घेणार असाल तर २ राजे १२ घ्या. योवाश राजाच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटीत चांदी बरीच जमली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, असे दोघे येऊन मोजत आणि पिशव्यांत बांधत. चांदी तोलून देखरेख करणाऱ्यांच्या हाती जाई, त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवटांना. त्या पैशातून कटोरे किंवा कर्णे केले नाहीत. पुढचे वाक्य तुमच्या शब्दाचे आहे: देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते ‘एमुना’ने वागत.

हे शेवटचे वाक्य एकटे उचलले की घोटाळा होतो. ‘आपलाच माणूस आहे, हिशेब कशाला?’ असे म्हणायला ते वापरले जाते. पण त्याआधी दोघांनी मोजले होते आणि पैशाचे काम ठरलेले होते. पौलही २ करिंथ ८ मध्ये वर्गणी एकट्याच्या हाती देत नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून सोबत माणसे पाठवतो.

पाठात कृती अशी लिहा. उपासना संपताच, थैली इमारतीबाहेर जाण्याआधी, नात्यातले नसलेले दोघे मोजतात. नोटांची फोड कागदावर लिहून दोघे सही करतात. रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी जशीच्या तशी भरली जाते. त्यातून परस्पर खर्च करायचा नाही, नाहीतर कागदावरचा आकडा आणि भरणा जुळत नाही आणि नंतर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. सगळ्यात जास्त बिघडते ते नेमून दिलेल्या पैशात. शिष्यवृत्तीसाठी आलेली रक्कम ‘तात्पुरती’ छपराला लागते. चोरी कोणीच केलेली नसते, पण देणाऱ्याला दिलेला शब्द मोडलेला असतो. याला ‘अप्रामाणिकपणा’ म्हटले तर लोक चिडतात. ‘अविश्वासूपणा’ हा शब्द इथे अचूक बसतो.

अनुवादक
मग मजुरीच्या परिच्छेदात? लेवीय १९:१३ प्रमाणे मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायची नाही.

ग्रीकचा वाचक
तिथे भाववाचक नाम टाळाच. ‘मजुरी देण्यात विश्वासूपणा दाखवावा’ हे वाक्य कागदी आहे. ‘रोजंदारी त्याच संध्याकाळी द्यावी, सुटे नाहीत म्हणून उद्यावर टाकू नये’ असे लिहा. वजनमापाचेही तसेच. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २५:१३ मध्ये, पिशवीत दोन वजने, एक जड आणि एक हलके, ठेवायला मनाई आहे. जड वजनाने घ्यायचे, हलक्याने विकायचे, ही युक्ती एका ओळीत सांगितली की मराठी वाचकाला शब्दार्थ विचारावा लागणार नाही.

हिब्रूची अभ्यासक
क्रियापदाकडेही पाहा. वचन ‘पाळतात’, इमान ‘राखतात’, पण ‘विश्वासूपणा पाळणे’ मराठीत रुळलेले नाही. ‘विश्वासूपणे वागणे’ किंवा ‘विश्वासू राहणे’ असे करा. ‘राहणे’ मला जास्त आवडते, कारण मोशेच्या हातांचा सूर्यास्तापर्यंतचा काळ त्यात येतो. शीर्षकासाठी ‘थोडक्यात विश्वासू’ नको. ‘थोडक्यात’ म्हणजे ‘संक्षेपाने’ असे वाचले जाईल. ‘थोडक्याविषयी विश्वासू’ असेच ठेवा.