सात गोळ्या आणि टाचेमागची तुटलेली शीर: याची नोंद कुठे करायची?

कोपरीकर

माझं वय ६४. प्राथमिक शिक्षिका होते. ठाण्यात कोपरीला दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. रोज पहाटे स्टेशनचा पूल ओलांडून तलावपाळीला जायचं, दोन फेऱ्या मारायच्या, दूध घेऊन परत यायचं. अकरा वर्षं हा नेम होता.

ऑगस्टमध्ये खोकला लागला तो जाईना, छातीत घरघर. डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सॅसिन ५०० हे अँटिबायोटिक रोज एक, सात दिवस, आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पाच दिवस लिहून दिलं. चौथ्या दिवशी उजव्या टाचेच्या मागे दुखायला लागलं, जिना उतरताना जास्त. मला वाटलं चप्पल लागली असेल. तरी दवाखान्यात फोन केला. "कोर्स अर्धवट सोडू नका," एवढंच उत्तर मिळालं. वर्गातल्या मुलांच्या आयांना मीच हे वाक्य वर्षानुवर्षं सांगत आले होते. सातही गोळ्या घेतल्या.

गोळ्या संपून सहा दिवस झाले होते. पुलाच्या पायऱ्या उतरत होते आणि मागून कुणीतरी पोटरीवर काठी हाणल्यासारखं झालं. टच्च असा आवाज मी स्वतः ऐकला. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. पाय टेकवेना. हाडांच्या डॉक्टरांनी पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. डावं पाऊल हललं, उजवं तसंच लोंबत राहिलं. सोनोग्राफीत टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा दोर (टेंडन), पूर्ण तुटलेली. ऑपरेशन झालं त्याला नऊ आठवडे झाले. अजून जिना बसून चढते, एकेक पायरी मागे सरकत.

मी पडले नाही, धावले नाही, जड काही उचललं नाही. पहिले डॉक्टर म्हणाले, योगायोग, वय झालंय. पण भाच्याने शोधून दाखवलं की अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २००८ सालीच या जातीच्या (फ्लुरोक्विनोलोन) औषधांवर शीर तुटण्याचा चौकटीतला इशारा छापायला लावला आहे. कुणाला धोका जास्त, तेही त्यात आहे: साठीच्या पुढचे, स्टेरॉइड घेणारे, किडनी किंवा इतर अवयव बदललेले. यातल्या दोन गोष्टी माझ्या चिठ्ठीवरच आहेत. वरच्या कोपऱ्यात वय, आणि औषधाच्या खालच्याच ओळीत स्टेरॉइड. २०१६ मध्ये त्यांनी पुढे सांगितलं की सायनस, साधा ब्राँकायटिस, लघवीचा साधा जंतुसंसर्ग यांना दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नयेत. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून दुसरं अँटिबायोटिक चालणार नसेल तरच ती द्यायची आहेत.

मला कोर्टकचेरी करायची नाही. पण हे माझ्या बाबतीत घडलं हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे. आपल्याकडे पेशंटला स्वतः कळवता येतं का? आणि आणखी कुणाला असा अनुभव आहे का?

कळव्याचा केमिस्ट

नमस्कार मॅडम. माझं २२ वर्षं मेडिकल आहे. वाचून वाईट वाटलं, आणि अपराधीही. आम्ही दहाच्या पट्टीतून सात गोळ्या कापून देतो. आत माहितीचा कागद असलाच तर तो खोक्यात आमच्याकडेच राहतो.

पेशंटला स्वतः कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंटसाठी वेगळा साधा फॉर्म आहे. औषधामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, संशय पुरतो.

बिल आहे का? बॅच नंबर त्यावर असतो. नसेल तर ज्या दुकानातून घेतलं तिथे जा. लिव्होफ्लॉक्सॅसिन शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. मार्च २०१४ पासून पेशंट, डॉक्टर, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं.

नेरूळची मुलगी

काकू, माझ्या आईचं शिरेचं नाही, साखरेचं झालं. तिला मधुमेह, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. जुलाब झाले म्हणून शेजारच्या काकांनी त्यांच्याकडची ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची पट्टी दिली. यातलं ओफ्लॉक्सॅसिन तुमच्या औषधाच्याच जातीचं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ती घामाने भिजलेली, असंबद्ध बोलत होती, मला ओळखेना. लकवा वाटला. शुगर पाहिली तर ४६. ती नीट जेवलीही नव्हती, तेही कारण असेल. पण मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर या औषधांनी साखर धोकादायक उतरू शकते असा इशारा एफडीएने २०१८ मध्येच दिला आहे, आणि आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. ती वाचली. त्या पहाटेची भीती अजून गेलेली नाही.

ऐरोली फिजिओ

काकू, टाचेला मालीश अजिबात करून घेऊ नका. डाव्या टाचेकडेही लक्ष ठेवा, कारण औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही त्रास होऊ शकतो. पायांना मुंग्या, जळजळ आहे का? असेल तर डॉक्टरांना सांगा, या औषधांनी नसांनाही इजा होते. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: फ्लुरोक्विनोलोन चालत नाही. नुसतं लिव्हो लिहून भागत नाही, सिप्रो, ओफ्लो, मॉक्सी हे सगळे एकाच घरातले.

बाकी वाचणाऱ्यांना कळकळीची विनंती, घाबरून चालू औषध मनाने बंद करू नका. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत याच लिव्होफ्लॉक्सॅसिनने जीव वाचतात. पण गोळी चालू असताना शीर किंवा सांधा दुखला, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. दुखणं स्पष्ट शब्दांत सांगा आणि "औषध बदलून द्याल का?" असं विचारा. काकूंनी फोन केला होता, तेव्हा हाच प्रश्न त्यांना समोरून विचारला जायला हवा होता.

कोपरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळच्या मुली, आईला जप.

बिल सापडलं, बॅच नंबरसकट. मी कागद फेकत नाही, सवय आहे. फॉर्म भरून पाठवला. कधी सुरू केलं, कधी दुखलं, कधी फोन केला, सगळं तारीखवार लिहिलं. हाडांच्या डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं. फॉर्मची झेरॉक्स मुलाच्या हाती पहिल्या डॉक्टरांकडेही पाठवली. त्यांनी वाचली, ठेवून घेतली आणि विचारलं, दुखायला कितव्या दिवशी लागलं होतं. हा प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला असता तर, असं फार वाटून गेलं.

मुंग्या आहेत, रात्री जास्त. पुढच्या भेटीत सांगणार. डावी टाच रोज सकाळी उठल्यावर चिमटीत धरून दाबून बघते. आज दुखली नाही.