शब्दचर्चा : उष्णता देतात, तापमान असते

बरीच वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवते. "हे डोक्यावरून गेलं" असे कोणी म्हणाले की आपण धरून चालतो, गणित जड गेले असेल. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस बहुतेक वेळा शब्दापाशी अडतो, आणि तोही ओळखीच्या शब्दापाशी. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मुलांना पहिल्यांदा ऐकताना अजिबात कळत नाही, म्हणूनच ती तो विचारून घेतात. 'उष्णता', 'वजन', 'ऊर्जा' हे शब्द मात्र कोणी विचारत नाही. ते घरातलेच आहेत, कळलेलेच आहेत असे वाटते. घरातला अर्थ आधीच जागा अडवून बसलेला असतो आणि शास्त्रातला अर्थ दारातच राहतो.

अशा शब्दांसाठी मी एक कसोटी वापरते. व्याख्या बाजूला ठेवायची आणि त्या शब्दाला कोणते क्रियापद लागते ते बघायचे. आधी दोन उदाहरणे देते, मग तुमची मते ऐकायला आवडतील.

पहिले उदाहरण उष्णता आणि तापमान यांचे. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, त्यात तापमापी, खाली मंद आच. पारा शून्य अंशावर. पाच मिनिटे झाली, आच चालूच, पारा शून्यावरच. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तापमापी बिघडलीय." दुसरी मुलगी पुढे येऊन खाली वाकून बघत होती. ती म्हणाली, "मग आपण देतोय ती उष्णता जातेय कुठे?"

तिच्या वाक्यात सगळे आहे. उष्णता *देतात*, *घेतात*, ती *जाते*. तापमान कोणी कोणाला देत नाही, ते *असते*. दिलेली उष्णता बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडत होती, म्हणून तापमान हलले नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. इतकी उष्णता आत गेली आणि पाऱ्याला पत्ता नाही! १७६०च्या सुमारास जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी हेच मोजून उष्णता आणि तापमान वेगळे केले. पाऱ्यावर न दिसणाऱ्या या उष्णतेला आपल्या पाठ्यपुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. उष्मा आहे, पण दिसत नाही.

उलट बाजूही सांगते. लोखंडाला धार लावताना उडणारी ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, तरी हातावर पडून विझते आणि फारसे काही होत नाही. तापमान प्रचंड, पण इवल्याशा कणापाशी देण्यासारखी उष्णता किती असणार? ऐंशी अंशांचे बादलीभर पाणी अंगावर सांडले तर मात्र जिवावर बेतेल. 'जास्त गरम कोण?' या प्रश्नाचे उत्तर ठिणगी, आणि 'जास्त उष्णता कोण देईल?' याचे उत्तर बादली. बोलताना आपण दोन्हींसाठी एकच प्रश्न विचारतो.

दुसरे उदाहरण वजनाचे. इथे मराठी बोली पुस्तकापेक्षा पुढे आहे असे माझे मत आहे. पोते काट्यावर ठेवल्यावर आपण "किती भरलं?" असे विचारतो. वजन *भरते*. म्हणजे वजन ही तोलण्याच्या क्रियेतून, त्या जागी, त्या काट्यावर मिळणारी गोष्ट आहे. वस्तुमान भरत नाही, ते वस्तूपाशी असतेच, काटा असो वा नसो. ताणकाट्याला (स्प्रिंगच्या काट्याला) अडकवलेली वस्तू चंद्रावर पृथ्वीच्या एक षष्ठांश भरेल. तराजूत मात्र दोन्ही पारड्यांना चंद्र सारखाच ओढणार, म्हणून तिथेही तीच वजने टाकावी लागतील. तराजू वस्तुमानाची तुलना करतो, ताणकाटा वजन दाखवतो.

हे नीट बसले की अंतराळस्थानकातले तरंगणारे अंतराळवीर समजतात. 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते' हे वाक्य चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडी ऐकते. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे आणि तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. ते नसते तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ निघून गेले असते. अंतराळवीर, स्थानक आणि तिथला वजनकाटा सगळे मिळून पृथ्वीकडे सतत पडत असतात. आडवा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर असल्यामुळे ते पडत-पडत पृथ्वीला वळसा घालतात. काटाही तुमच्याबरोबर पडत असेल तर त्यावर भरणार काय? काहीच नाही. 'वजनरहित' हा शब्द या अर्थाने बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला तो 'ओढ नसलेले' असा ऐकू येतो. मी 'मुक्तपतन' आधी शिकवते, 'वजनरहित' नंतर.

प्रतिसाद

सगळे पटले, पण मग सरळ 'हीट' आणि 'टेंपरेचर' म्हटले तर काय बिघडते? नवे शब्द कोरे असतात, जुन्या अर्थाचा त्रासच नाही.

लेखिका

कोरा शब्द कधी कधी खरेच उपयोगी पडतो. 'व्होल्ट'ला मराठीत पूर्वजन्म नाही, म्हणून तो निमूटपणे आपला अर्थ सांगतो. पण 'हीट' कोरा नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांचाही घरात हाच गोंधळ होतो, आणि आपण तो शब्द घेताना गोंधळासकट घेतो. शिवाय आपण काय टाकून देतो तेही बघा. धग, झळ, आच, ऊब, चटका. विस्तवापासून दूर बसलो तरी लागते ती धग. वाऱ्याबरोबर येते ती झळ. आणि चटका स्पर्शाशिवाय बसत नाही. उष्णता कोणत्या वाटेने आली ते शब्दच सांगतो.

चटक्याचे तर आणखी एक. एकाच उन्हात तासभर पडलेले लाकूड आणि लोखंड घ्या. लाकडाला हात लावता येतो, लोखंडाचा चटका बसतो. समजा, दोन्हींचे तापमान मोजून अगदी सारखे भरले, तरीही चटका लोखंडाचाच बसेल, कारण लोखंड आपली उष्णता हाताला भराभर देते. कातडीला तापमान थेट कळत नाही, देवाणघेवाणीचा वेग तिला मोठ्या प्रमाणात कळतो. 'चटका' या शब्दाला हे आधीपासून माहीत आहे.

प्रतिसाद

मी दवाखान्यात काम करतो. क्रियापदाची कसोटी वाचून एक वाक्य आठवले, जे मी रोज ऐकतो : "जंतू औषधाला सरावले." किंवा त्याहून जास्त वेळा, "माझ्या अंगाला औषधाची सवय झाली, आता ते लागू पडत नाही." प्रतिजैविकांबद्दल (अँटिबायोटिक्सबद्दल) हे दोन्ही चुकीचे आहे. सवय अंगाला होत नाही, फरक जंतूंच्या समुदायात पडतो. आणि जंतूही सरावत नाहीत. सरावणे म्हणजे त्याच जिवाने हळूहळू अंगवळणी पाडून घेणे. इथे असे होते की कोट्यवधी जंतूंत काही मूळचेच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची सगळी प्रजा यांची होते. रुग्णाला हा फरक सांगितल्यावर गोळ्या मनाने कमी-जास्त करणे का धोक्याचे आहे ते त्याला लगेच कळते. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतले तर दाद न देणारे जंतू तयार होतील.

लेखिका

फार मोलाचे उदाहरण दिलेत. 'सरावले'च्या जागी 'उरले' घातले की संपूर्ण उत्क्रांती एका क्रियापदात आली. जिराफाने मान लांब *केली* नाही, ज्यांची मान लांब होती त्यांची वीण *टिकली*. कोणताही एक प्राणी आपल्या हयातीत उत्क्रांत होत नाही. बदलते ते पिढ्यान्‌पिढ्यांमधले प्रमाण.

पण 'उत्क्रांती' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. 'उत्' म्हणजे वर. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिडी उभी राहते : खाली जंतू, मध्ये माकड, वरच्या पायरीवर आपण. मग 'माकडे अजून का उरली?' हा प्रश्न येणारच. मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांमध्ये एक मासा आहे. त्याच जातीचे उजेडातल्या नदीत राहणारे मासे डोळस आहेत, गुहेतल्यांचे डोळे गेले आहेत. ही उत्क्रांतीच आहे. वर कुठे गेली ती? डार्विन यांच्या १८५९च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम आलेलेच नाही, 'बदलासह वंशपरंपरा' अशा अर्थाचे शब्द ते वापरतात. आणि संस्कृतात 'उत्क्रांती'चा एक जुना अर्थ आहे प्राण देह सोडून जाणे. शब्द किती दूर चालत आला! तो आता इतका रुळला आहे की बदला असे मी म्हणणार नाही, पण शिकवताना पहिल्याच तासाला शिडी पुसून फांद्या काढते. चिंपांझी हा आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून दोन्ही फांद्या फुटल्या. नातेवाचक शब्द लोकांना लगेच कळतात.

'नैसर्गिक निवड'ही जपून वापरावा. निवड म्हटली की निवडणारा शोधला जातो. आणि 'बळी तो कान पिळी' हे त्याचे भाषांतर म्हणून देणे तर सरळ चूक आहे. गुहेतला तो मासा बळी नाही, त्या अंधारात भागवून नेणारा आहे.

प्रतिसाद

उत्क्रांती हा शेवटी सिद्धांतच ना, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

लेखिका

'सिद्धांत' फोडून बघा : सिद्ध अधिक अंत. विचार सिद्ध होऊन जिथे पोचला तो शेवट. म्हणजे मराठीत 'नुसता सिद्धांत' हे बोलणे 'नुसते सिद्ध झालेले' असे होते. हा संशय 'थिअरी' या शब्दातून आला आहे. बोलताना आपण 'माझी एक थिअरी आहे' म्हणतो तेव्हा आपल्याला तर्क म्हणायचे असते. तर्क, अंदाज, परिकल्पना, उपपत्ती (कारणांसह दिलेले स्पष्टीकरण), सिद्धांत असा चढता क्रम आपल्याकडे आयता आहे.

मला काळजी उलट बाजूची वाटते. 'अंत' म्हटल्यामुळे पुढे काही बदलले की लोकांना फसवल्यासारखे वाटते. बुध ग्रहाची कक्षा न्यूटन यांच्या गणितापेक्षा शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त सरकते. १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने त्याचा हिशेब लागला. म्हणून न्यूटन खोटे पडले का? यानांचे मार्ग आखताना बहुतेक काम आजही त्यांच्याच गणिताने होते. त्याची हद्द कळली, एवढेच. म्हणून मी 'उपपत्ती' या शब्दाच्या बाजूची आहे. उपपत्ती *लावतात*, आणि जी लावता येते ती अधिक चांगली लावताही येते.

प्रतिसाद

पुंजभौतिकीतली (क्वांटम फिजिक्समधली) 'अनिश्चितता' राहिली. तिचे तत्त्व मांडणाऱ्या हायझेनबर्ग यांचे नाव घेऊन लोक 'विज्ञानालाच काही नक्की सांगता येत नाही' म्हणतात तेव्हा काय उत्तर द्यावे?

लेखिका

आधी एक आकडा सांगावा. सिझियमच्या अणूकडून येणाऱ्या ठरावीक लहरींची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. १९६७पासून सेकंदाची व्याख्या ही आहे. पुंजभौतिकीशिवाय असले घड्याळ झालेच नसते. इतकी काटेकोर मोजमापे जिच्यामुळे शक्य झाली तिला 'काही नक्की नाही' कसे म्हणावे?

१९२७ साली हायझेनबर्ग यांनी मांडले ते एवढेच की कणाचे स्थान आणि त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके असू शकत नाहीत. क्रियापद पुन्हा बघा, 'मोजता येत नाहीत' यापेक्षा 'नसतात' हे जास्त खरे आहे. यासाठी मी शिट्टी आणि टाळी वापरते. लांब शिट्टीचा स्वर ओळखता येतो, पण ती नेमकी 'कधी' झाली? ती तर पसरलेली आहे. टाळीचा क्षण अचूक सांगता येतो, पण टाळीचा स्वर कोणता? कान कमी पडतो असे नाही, इतक्या थोडक्या आवाजाला एकच एक स्वर नसतोच. जर्मनमध्ये यासाठी रूढ झालेला 'उनशेर्फं' हा शब्द कडा धारदार नसणे, धूसरपणा असे सुचवतो. आपण 'धूसरता' घेतला असता तर बरेच गैरसमज टळले असते. 'अनिश्चितता'त मनाची चलबिचल मिसळते.

प्रतिसाद

किरणोत्सारी पदार्थांच्या 'अर्धायुकाल'चे काय करता? अर्धे आयुष्य पाच हजार वर्षे, तर पूर्ण दहा हजार, असे माझा मुलगा ठामपणे सांगतो.

लेखिका

तो शब्दाशी प्रामाणिक आहे. 'आयु' म्हटल्यावर दोन अर्धी मिळून एक पूर्ण होणारच. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा हा काळ सुमारे ५७३० वर्षे आहे. तेवढ्या काळात निम्मे अणू फुटतात. पुढच्या ५७३० वर्षांत उरलेल्यांतले निम्मे, म्हणजे पाव उरतात, मग अष्टमांश. आणि 'आयु'मुळे दुसरी चूक शिरते ती म्हणजे म्हातारपण. अणू म्हातारा होत नाही. पाच हजार वर्षे टिकलेला अणू आणि कालच तयार झालेला अणू, उद्या फुटण्याची शक्यता दोघांची अगदी सारखी. सलग पाच वेळा छापा पडला म्हणून नाणे काट्याकडे झुकत नाही, तसेच.

मुलाला शंभर नाणी एकदम उधळायला सांगा. काटा पडलेली बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उधळायची, दर वेळी किती उरली ते लिहायचे. चार-पाच खेपांत त्याला स्वतःलाच दिसेल. मी फळ्यावर आधी 'निम्मे होण्याचा काळ' असे लिहिते आणि शेजारी 'अर्धायुकाल', कारण परीक्षेत तोच विचारतात.