आधुनिक अमेरिकी इतिहासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत अकरावीला हा विषय ऑनलाइन शिकते. अभ्यासक्रम १८७७ पासून सुरू होत असल्याने कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे मूळ तिला उलगडत नाही. काय करावे?

उत्तर १: आधी १८७७ पूर्वीची तेरावी (गुलामगिरीबंदी), चौदावी (कायद्याचे समान संरक्षण) व पंधरावी (वंशावरून मतदानहक्क नाकारण्यास मनाई) घटनादुरुस्ती वाचावी. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ च्या प्लेसी खटल्यात वंशाधारित विभाजन (गोरे व कृष्णवर्णीय यांना वेगळे ठेवणे) वैध मानले, तर १९५४ च्या ब्राउन खटल्यात त्याच चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे सरकारी शाळांमधील विभाजन घटनाबाह्य ठरवले. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. प्लेसीतील न्यायमूर्ती हार्लन यांचे एकट्याचे विरोधी मत मला आजही हलवून टाकते.

उत्तर २: सहमत. पंधरावी दुरुस्ती १८७० ची असूनही १९६५ चा मतदान हक्क कायदा का लागला, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आज हार्लन यांच्यापासून सुरुवात करू.